होडेकरांच्या नकाशातली अक्षरं

"पाच मिनिटांचं काम आहे, चाचा," असं संदेश नागवेकर बोलून गेला, तेव्हा त्याच्या तोंडात फणसाच्या रसातलं गरम सांदण होतं. गरम सांदण तोंडात असताना माणसाचं मन उदार होतं आणि त्या भरात बोललेली वाक्यं निस्तरताना पुढे घाम फुटतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सिव्हिलच्या डिप्लोम्याला हा विषयच नसतो.

समोर गुलाम रसूल होडेकर बसले होते. सारा जन्म बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काढलेला माणूस. आता सुरंगवाडीच्या मोहल्ल्यात, खाडीच्या तोंडावर, दोन मुलगे आणि दोन सुना सुखाने नांदतील असं चिऱ्याचं ऐसपैस घर बांधायचं त्यांनी मनात घेतलं होतं. थोरला अक्रम कुवेतला, धाकटा फहाद मस्कतला, दोघांचे संसार तिकडेच. नकाशा दोघांनी पाहायचा, दोघांनी 'बरं आहे' म्हणायचं, मग अक्रम रजा टाकून येणार आणि पाया आखायचा, असं ठरलं होतं. दुसरा कुणी असता तर नकाशाची गुंडाळी करून कुरियरने पाठवून मोकळा झाला असता. पण संदेशने नुकतीच रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, दुकानांच्या वरची एक खोली घेऊन 'नागवेकर कन्सल्टंट्स' अशी पाटी लावली होती. (त्या अनेकवचनातले बाकीचे कन्सल्टंट कोण, हा प्रश्न त्याची बायको तेजस्वी अधूनमधून विचारत असे. पाटी रंगवून झाली होती, त्यामुळे उत्तर देण्यात अर्थ नव्हता.)

"कुरियर कशाला? कॉम्प्युटरवर काढायचा, पीडीएफ करायची, ईमेल करायचा. दोघांना एकाच वेळी."

"पीडीएफ म्हणजे काय?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे इथं दिसतं तसंच्या तसं तिथं दिसतं. जगाच्या पाठीवर कुठंही."

हे वाक्य पुढच्या काळात संदेशला झोपेतसुद्धा ऐकू येत असे, आणि ते त्याच्याच आवाजात असल्यामुळे दुसऱ्या कुणावर चिडताही येत नसे.

तेवढ्यात हाजराचाची सांदणांची दुसरी ताटली घेऊन बाहेर आल्या. "अक्षरं मराठीत घाला हां," त्या म्हणाल्या. "मी मराठी शाळेत चौथी झालेय. कुठली खोली कसली, ते मना वाचता यायला हवं. इंग्लिशमधी लिवलंत, तर मी काय ज्याला त्याला विचारत फिरू?"

"मराठीतच घालतो, चाची," संदेश म्हणाला आणि त्याने दुसरं सांदण उचललं.

नकाशा खरोखरच देखणा झाला. पुढे लांबरुंद पडवी, मग बैठक, डाव्या हाताला निजायच्या खोल्या, त्यातल्या एकीला आतूनच न्हाणीघर, शेजारी संडास, मागे स्वयंपाकघर, नमाजाआधी हातपाय धुवायची वजूची जागा, परसात सगळ्यांची न्हाणी, आणि विहिरीजवळ जळण ठेवायची एक टीचभर खोली. प्रत्येक ठिकाणी मराठीत नाव. त्या काळी मराठी फॉन्ट म्हणजे वरून मराठी आणि आतून इंग्रजी असा मामला होता. बोटाखाली इंग्रजी अक्षर दाबायचं आणि पडद्यावर मराठी वळण उमटायचं. ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असेल त्याला 'पडवी' दिसणार. नसेल त्याच्यापुढे आतला सगळा इंग्रजी कचरा उघडा पडणार. संदेशच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट होता. कुवेतला नसेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, कारण आपल्या घरात असलेली वस्तू जगात सगळ्यांकडे असते असंच माणूस धरून चालतो.

अक्रमचा फोन आला. कुवेतच्या एका कंपनीत तो स्टोअर सांभाळत होता, त्यामुळे त्याचं बोलणं माल तपासून घेतल्यासारखं असे.

"संदेशभाई, नकाशा मिळाला. रेषा एकदम झकास. फक्त भाषा कुठली ती सांगा."

"मराठी!"

"मराठी नाय ही. मी अरबी वाचतो, मल्याळी कामापुरती कळते. हे मी आमच्या ऑफिसातल्या इजिप्तवाल्यालाही दाखवलं. तो बोलला, आमच्याकडे थडग्यांत असं काहीतरी सापडतं, पण हे ते नाही."

"दिसतंय काय नेमकं?"

"मोठ्या खोलीत एस आहे, व्ही आहे, मग डॉलर, मग कंस उघडलाय तो बंदच केलेला नाय. शेजारच्या खोलीत नुसतं टक्क्याचं चिन्ह."

"तो संडास," संदेश पुटपुटला.

"आणि वर कोपऱ्यात बाण आहे, तिथं 'उ' लिहिलाय. तेवढा एक 'उ' मात्र चोख मराठी आहे."

'उ' म्हणजे उत्तर दिशा. घरातली एकही खोली कळली नाही तरी उत्तर कुठे आहे ते कळलं, यावर कोकणातल्या एखाद्या सोशिक माणसाने समाधान मानलं असतं. अक्रमने मानलं नाही.

संदेशने ही गोष्ट घरी फक्त तेजस्वीला सांगितली. तेजस्वीने ती शेजारच्या आनंदीबाईंना सांगितली, आणि आनंदीबाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या असल्यामुळे ती साऱ्या बिल्डिंगला समजावून सांगण्यात आली. संध्याकाळपर्यंत जिन्यात भेटेल तो माणूस संदेशकडे, घरात कुणी आजारी असावं तशा नजरेने पाहू लागला. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, हा व्हायरस आहे, त्यांच्या साडूच्या कॉम्प्युटरला झाला होता, कॉम्प्युटर टिकला पण साडू खचला. दुसऱ्यांच्या मते समुद्राखालच्या केबलला खारी हवा लागली की अक्षरं अशी गंजतात. आनंदीबाईंनी मात्र नकाशाची छापील प्रत मागवून घेतली आणि लाल पेन उघडलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "'स्वयंपाक' वेगळं आणि 'घर' वेगळं लिहिलंयस. 'न्हाणी' इकडे, 'घर' तिकडे. शब्द असे तोडल्यावर कॉम्प्युटरने तरी काय करायचं? त्यालाही अर्थ लागला पाहिजे ना?"

वयाने मोठ्या बाईंशी काय वाद घालणार? संदेशने सगळे शब्द जोडून घेतले. शुद्धलेखन सुधारलं. पीडीएफ होती तशीच राहिली.

मग तो सायबर कॅफेवाल्या बाळाकडे गेला. बाळा हा गृहस्थ त्याच्याच वयाचा, पण दिवसभर चार कॉम्प्युटरांच्या मधोमध बसत असल्यामुळे बोलण्यात एक वजन आलेला.

"जुना फॉन्ट फेकून दे भाऊ," बाळा म्हणाला. "आता युनिकोड आलाय. युनिकोड म्हणजे चंद्रावर उघडलंस तरी मराठीच दिसणार."

संदेशने घरातली सगळी नावं नव्याने टाइप केली. पडद्यावर मराठी अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याने पीडीएफ केली, ती उघडून बघायची तसदी न घेता फ्लॉपीवर टाकली आणि बाळाला दिली. "दोघांना मेल कर, आणि एक मोठा प्रिंट काढून ठेव. चाचा येऊन घेऊन जातील, त्यांना तो पंचायतीत द्यायचाय." स्वतः तो हातखंब्याला एका हॉटेलवाल्याच्या गल्ल्यामागची ओल बघायला निघून गेला. वाटेत त्याने शीळही घातली असं म्हणतात.

चाचांनी प्रिंट घेतला, उलगडून पाहिला. पीडीएफ होताना युनिकोडची अक्षरं हरवली होती आणि ठिकठिकाणी प्रश्नचिन्हांच्या ओळीच्या ओळी होत्या. हे इंजिनेर लोकांचं काहीतरी असेल, असं म्हणून त्यांनी तो गुंडाळला आणि पंचायतीत नेऊन दिला. ग्रामसेवकाने नकाशा टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि अर्जावर शेरा मारला: 'नकाशात जागोजागी प्रश्न उपस्थित केलेले आढळतात. सदर प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जोडल्याशिवाय प्रस्तावाचा विचार करता येणार नाही.'

संदेश धावत सुरंगवाडीला गेला.

"साहेब, ते प्रश्न नाहीत. ती अक्षरं आहेत."

"प्रश्नचिन्ह मला ओळखता येतं," ग्रामसेवक शांतपणे म्हणाला. "शाळेत शिकवलंय."

"ही बघा, ही पडवी आहे."

"मग खात्रीने तसं लिहा ना! तुमची तुम्हालाच खात्री नाही, तर पंचायतीने कुठून आणावी?"

"बरं, हा नकाशा परत द्या. मी दुसरा देतो."

"असा कसा परत देणार? आवक वहीत चढलाय तो. अर्ज करा. विषय घाला, 'खात्री नसलेला नकाशा परत मिळण्याबाबत'."

तो अर्ज संदेशने स्वतःच्या हाताने लिहिला. खाली सही करताना 'कन्सल्टंट्स' हा शब्द लिहायची त्याला हिंमत झाली नाही.

रत्नागिरीत परत येताना त्याने ठरवलं, मराठीचा नाद पुरे. इंग्रजी लिहायचं, तेही कॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये, मुळातच असतं त्या सुतासारख्या बारीक अक्षरात. ते कुठेही उमटतं.

"चाचींना मराठीत कबूल केलंयस तू," तेजस्वी म्हणाली.

"आधी मुलांना तरी वाचता येऊ दे. चाचींना मी तोंडी सांगेन."

तेजस्वी भाजी निवडायला उठून गेली. तिचं हे उठून जाणं संदेशला आनंदीबाईंच्या लाल पेनापेक्षा जास्त टोचत असे.

इंग्रजी खरंच उमटलं. फक्त भिंतीएवढा कागद धरून काढलेला नकाशा फहादने मस्कतला ऑफिसच्या साध्या कागदावर छापला. "भाई," त्याचा फोन आला, "घर छान आहे, पण मुंग्या फार झाल्यात. भिंग घेऊन बसलो. बैठकीतल्या मुंग्या रांगेत आहेत, निजायच्या खोलीतल्या पांगल्यात."

संदेशने अक्षरं मोठी केली. मोठी केल्यावर 'ड्रॉइंग रूम' हे नाव बैठकीत मावेना. 'ड्रॉइंग' आत राहिलं, 'रूम' भिंत फोडून पडवीत जाऊन बसलं. जळणाच्या खोलीचं नाव तर विहिरीत पडलं. मग त्याला ती युक्ती सुचली जिच्यामुळे पुढचा सगळा प्रकार घडला. मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या नकाशांत आद्याक्षरंच असतात की! त्याने झपाझप नावं छाटली. 'अटॅच्ड बेडरूम'चं झालं 'ए बेड'. जळणाच्या खोलीचं, म्हणजे 'फायरवूड रूम'चं झालं 'एफ रूम'. अक्षरं चांगली ठसठशीत, चष्मा नसला तरी वाचता येतील अशी. पीडीएफ या वेळी त्याने स्वतः उघडून पाहिली, बाळाच्या कॉम्प्युटरवर पाहिली, आणि पाठवून दिली.

कुठूनच फोन आला नाही. संदेशने त्याचा अर्थ होकार असा लावला. चहा पिताना तो तेजस्वीला म्हणालासुद्धा, "बघितलंस? काम चोख असलं की माणसं बोलत नाहीत."

माणसं खरोखरच बोलत नव्हती. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि गुलाम रसूल होडेकर भर उन्हात 'नागवेकर कन्सल्टंट्स'चा जिना चढून आले तेव्हा ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"नागवेकर, घर उभं राहायच्या आधीच तुम्ही ते मोडलंत."

"काय झालं, चाचा?"

"'ए बेड' म्हणजे कोणाचा बेड?"

"ए म्हणजे अटॅच्ड."

"अटॅच्ड कोणाला? अक्रमलाच ना? मस्कतला सगळे असंच वाचतात. 'ए' म्हणजे अक्रम, घरातली सगळ्यात मोठी खोली, आत न्हाणीघर. आणि 'एफ' म्हणजे फहाद. फहादची खोली कुठं? तर घराच्या बाहेर, विहिरीपाशी, पाय लांब केले तर दारातून बाहेर येतील एवढी!"

मग चाचांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फहादच्या बायकोने, रुबिनाने, ती 'एफ रूम' पाहून डोळ्यांतून पाणी काढलं होतं. तिने सासूला फोन करून विचारलं होतं, अम्मी, आमचं काही चुकलं काय? कुवेतला अक्रमच्या बायकोला, कौसरला, हे सासूकडून उडतउडत कळलं. तिने रुबिनाची समजूत घालायला तिला फोन केला आणि म्हणाली, "मी काही मागितलं नव्हतं गं, पण अब्बांनी ठरवलंच असेल, तर मी तरी कसं नको म्हणू?" त्या समजुतीनंतर मस्कतहून येणारे फोन बंद झाले. फहादने वडिलांना कळवलं होतं, तुम्ही तुमचं घर बांधा, मी मुंब्र्याला फ्लॅट बघतो.

"चाचा, एफ म्हणजे फायरवूड. जळण!"

"मना माहीत आहे. मी ओरडून ओरडून सांगितलं. फहाद बोलतो, तुम्ही अक्रमची बाजू सांभाळताय." चाचा खिडकीशी गेले, खाली रिक्षांकडे बघत राहिले. "दोघांनी एका छपराखाली यावं म्हणून घर काढलं होतं, नागवेकर. आता अक्रम बोलतो, रजा कशाला घेऊ? आणि हाजरा काय बोलतच नाय. भांडली असती तर परवडलं असतं."

चाचा गेले. जाताना त्यांनी जिन्याचा कठडा धरला, एरवी ते धरत नसत.

आजवर संदेशच्या कामात चुका झाल्या होत्या. एकदा जिना बांधून झाल्यावर वर जायला दारच ठेवलं नाही असंही झालं होतं, पण त्यात कुणाचे भाऊ तुटले नव्हते. त्याने सगळ्या पीडीएफ बाळाच्या, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवरून छापून आणल्या आणि ते कागद टेबलावर मांडले: डॉलर-टक्क्यांचा, प्रश्नचिन्हांचा, मुंग्यांचा आणि तो शेवटचा, घातकी, ठसठशीत अक्षरांचा. त्यांच्याकडे बघताना त्याला एक गोष्ट दिसली. चारही कागदांवर वरच्या कोपऱ्यातला 'उ' जसाच्या तसा होता. त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

का झालं नव्हतं? तो 'उ' त्याने टाइप केलेलाच नव्हता. डिप्लोमाला असताना हौसेने एकेक रेष ओढून काढला होता आणि तेव्हापासून प्रत्येक नकाशात तोच चिकटवत आला होता. कॉम्प्युटरच्या लेखी ते अक्षर नव्हतंच. भिंत जशी रेषा, खिडकी जशी रेषा, तसा तो 'उ' म्हणजे नुसत्या रेषा. आणि रेषा कुवेतला, मस्कतला, पंचायतीत, सगळीकडे सुखरूप पोचत होत्या. अडत होतं ते अक्षरांपाशी. म्हणजे अक्षरांच्या रेषा करून टाकल्या तर?

कॅडमध्ये तशी सोय होती. अक्षर निवडायचं, फोडायचं, त्याच्या कडांच्या रेषा होतात. एकच भानगड होती, एकदा फोडलेलं अक्षर पुन्हा सुधारता येत नाही. चूक राहिली तर ती चिऱ्यात कोरल्यासारखी कायमची. म्हणून संदेशने जुना मराठी फॉन्ट परत बसवला, सगळी नावं लांबलचक, संपूर्ण लिहिली आणि छापील प्रत घेऊन आनंदीबाईंचं दार वाजवलं. आनंदीबाईंनी ती प्रत देवासमोर ठेवावी तशी पाटावर ठेवली. 'लाकूडफाट्याची खोली' यातल्या दीर्घ ऊकारापाशी त्या बराच वेळ थांबल्या, शब्दकोश काढला, आणि शेवटी नकाशाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली. संदेशला शाळेतसुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

मग त्याने अक्षरं फोडली. पीडीएफ झाली, पण इतक्या रेषांनी ती फुगून फ्लॉपीत मावेनाशी झाली. सीडी करायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं, आणि ऑफिसच्या फोनची तार रस्ता खणणाऱ्यांनी तोडून ठेवली होती. शेवटी त्याने कॉम्प्युटरचा डबाच सोडवला. तेजस्वी तो चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसली.

"काय झालं गं त्याला?" बिल्डिंगच्या फाटकात आनंदीबाईंनी विचारलं.

"काही नाही, ईमेल करायला नेतोय," तेजस्वी म्हणाली.

कॅफेपाशी पोचले तर बाळा दारात वारा घेत उभा होता. वीज गेली होती. भारनियमन. मग तिघं बाकावर बसले, मध्ये चादरीतला डबा. जाणारायेणारा थांबून चौकशी करी. एका मासेवाल्या बाईने चादर वर करून पाहिली आणि "आवाज करत नाय, गुणी आहे," असं म्हणून पुढे गेली. ओळखीचा एक ठेकेदार म्हणाला, विकताय तर मला आधी सांगायचं होतं. संदेशने मान वर केली नाही. अपमान गिळायची माणसाला सवय लागते, पण चादरीत गुंडाळलेला अपमान चारचौघांत शेजारी घेऊन बसणं वेगळं.

वीज आली. बाळाने डबा आपल्या तारांना जोडला. मेल हळूहळू, धापा टाकत, पण गेला.

दुसऱ्या दिवशी संदेश मोठा प्रिंट घेऊन सुरंगवाडीला गेला. आधी पंचायतीत. ग्रामसेवकाने एकेक नाव मोठ्याने वाचलं, एखादा तरी प्रश्न सापडतो का म्हणून कागद उलटा करूनही पाहिला, आणि किंचित हिरमुसून शिक्का मारला. तिथून संदेश होडेकरांकडे आला. चाची दारातच होत्या. त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. सांदणांचं नाव कुणी काढलं नाही.

घरच्या फोनवर अक्रम आणि संदेशच्या मोबाइलवर फहाद अशी सोय केली. दोन्ही फोनचा आवाज मोठा करून ते टेबलावर समोरासमोर ठेवले. दोघा भावांनी एकमेकांना सलाम केला, तो दोन कचेऱ्यांमधल्या पत्रव्यवहारासारखा.

"उघडलंत?" संदेशने विचारलं.

"उघडलं," कुवेतहून आवाज आला. "पडवी," अक्रम म्हणाला. "बैठक. स्वयंपाकघर. वजूची जागा. अरे, वाचतोय! संदेशभाई, सगळं वाचतोय!"

"विहिरीपाशी काय लिहिलंय ते वाच," चाचा दुसऱ्या फोनवर वाकून म्हणाले.

मस्कतहून फहाद नाही, रुबिनाच बोलली, एकेक अक्षर लावत. "ला-कू-ड-फा-ट्या-ची... लाकूडफाट्याची खोली! या अल्ला! मी चार दिवस लाकडांसाठी रडले?" आणि ती हसू लागली. कुवेतच्या फोनमधून कौसरचं हसू ऐकू आलं. चाचांनी डोळे मिटून घेतले.

पण एक गाठ राहिलीच होती. "मग ही आत न्हाणीघर असलेली खोली कोणाची?" फहादने विचारलं.

"तू घे," अक्रम म्हणाला.

"मना नको. तुम्ही थोरले."

"मी बोललो ना, तू घे."

देण्याची ही चढाओढ ऐकून संदेशला घाम फुटला. घेण्याच्या भांडणापेक्षा हे भांडण चिवट निघणार असं दिसत होतं.

एवढा वेळ हाजराचाची नकाशावर वाकून, बोट फिरवत, ओठ हलवत वाचत होत्या. पडवीतून त्या बैठकीत गेल्या, बैठकीतून स्वयंपाकघरात, परसात उतरल्या, लाकूडफाट्याच्या खोलीत डोकावल्या आणि परत आत आल्या. मग त्यांनी त्या भांडणाच्या खोलीवर बोट टेकवलं.

"ही माझी नि तुमच्या अब्बांची."

"अगं, घर आपण पोरांसाठी बांधतोय," चाचा म्हणाले.

"पोरं रजेवर येणार, मच्छी खाणार नि जाणार. बाकी दिवस त्या घरात राहणार कोण? मी नि तुम्ही. परसात उतरून न्हाणीत जायचं तर गुडघे कोणाचे दुखतात? माझे नि तुमचे. एवढे नकाशे झाले, एकाने तरी मना विचारलंत, हाजरा, तू कुठं निजणार?"

कुणी विचारलं नव्हतं. संदेशनेही नाही, आणि त्याने तर या घराच्या उंबऱ्याची जाडीसुद्धा विचारली होती.

"अम्मी बरोबर बोलतायत," मस्कतहून रुबिना म्हणाली.

"मी हेच बोलणार होते," कुवेतहून कौसर म्हणाली. इतक्या दिवसांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. "मग मी रजेचा अर्ज टाकू काय?" अक्रमने हळूच विचारलं, आणि फहाद म्हणाला, "तारीख मनापण सांगा, मी बघतो जमतं काय."

"नागवेकर, तिथं नाव लिवा," चाची म्हणाल्या. "एकेक अक्षर टाकून ठेवू नका. पुरं लिवा."

संदेशने पेन्सिल काढली आणि बाकीच्या नावांएवढ्याच मोठ्या, ठळक अक्षरांत लिहायला सुरुवात केली. 'हाजरा व गुलाम रसूल यांची' एवढ्यात भिंत आली. 'खोली' हा शब्द न्हाणीघरात जाणार हे उघड दिसत होतं.

"चाची, मावत नाही. अक्षर जरा बारीक करतो."

"बारीक नको. मना दिसत नाय."

"पण मग..."

"भिंत सरकवा."

"चाची, आज सकाळीच पंचायतीचा शिक्का बसलाय या नकाशावर!"

"शिक्का काय त्या खोलीत राहायला येणार नाय."

संदेशने आशेने चाचांकडे पाहिलं. गुलाम रसूल होडेकरांनी पाठ ताठ केली. तुफान आलं तरी कप्तानाचा हुकूम खाली पोचवणाऱ्या सारंगाच्या आवाजात ते म्हणाले, "सरकवा."

संदेशने पेन्सिलीने छापील भिंतीवर काट मारली आणि पलीकडे नवी ओढली.